तिसरी शिट्टी

शाळेतली पोरं गणिताच्या सरांना 'कुकर' म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायचा अधिकार फक्त त्यांच्या बायकोला होता आणि ही पदवी तिच्या कानावर आली त्याच संध्याकाळी तिने तो हक्काने वापरायला काढला.

पदवी वाया गेलेली नव्हती. सर सातवी 'ब'मध्ये शिरले की दारातूनच गरजायचे, "वह्या काढा!" ही पहिली शिट्टी. पहिल्या शिट्टीला काही शिजत नाही हे घरोघरी ठाऊक असतं, तेव्हा वर्गाने ती कधी मनावर घेतली नाही. "वह्या काढा म्हणतो ना!" ही दुसरी. दुसऱ्या शिट्टीला रंगात आलेली गोष्ट आवरती घ्यायची, म्हणजे निदान तिचा शेवट तरी शेजाऱ्याला सांगून टाकायचा. मग सरांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, डस्टर टेबलावर आदळायचं, खडूचा धुरळा उडायचा आणि तिसरी शिट्टी अशी काही सुटायची की शेजारच्या वर्गातली गुणी मुलंसुद्धा दचकून आपापल्या वह्या काढायची. त्यासरशी सातवी 'ब'च्या वह्या एका दमात बाकावर! बघणाऱ्याला वाटावं, काय ही जरब! सरांनाही तसंच वाटायचं. इतकी वर्षं घसा फोडून त्यांनी मुलांना एकच गोष्ट अगदी पक्की शिकवली होती, ती ही की तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत सर मनापासून बोलत नसतात. आपण हे शिकवलंय, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. देव ज्याला मोठा आवाज देतो, त्याला ऐकायची सवड द्यायचं बहुधा विसरून जातो.

असंच चाललं असतं आणि सर निवृत्तही झाले असते. पण मध्येच मुख्याध्यापकांना शांततेचा साक्षात्कार झाला. एरवी साक्षात्कार म्हटला की तपश्चर्या लागते, निदान एखादा उपास तरी लागतो. यांना तो एका विक्रेत्याने चहा पिता पिता घडवला. त्याच्या बॅगेतून एक चपटी डबी निघाली, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. खोली शांत असली की हिरवा, कुजबुज वाढली की पिवळा आणि कल्ला झाला की लाल. मुख्याध्यापकांनी डबीजवळ तोंड नेलं आणि "हॅलो! हॅलो!" असे ओरडले. झटक्यात लाल दिवा लागला. आपल्या बोलण्याची इतक्या तत्परतेने दखल घेणारं कोणीतरी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी वर्गागणिक एक डबी घेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर्गातले स्पीकर खरखरले.

"आजपासून या शाळेत प्रत्येक शिक्षकाने शांत राहायचं आहे! शिक्षक शांत, तर वर्ग शांत! जो शांत राहणार नाही त्याची मी अजिबात गय करणार नाही! ऐकताय ना? शांत म्हणजे शांत!"

ही घोषणा संपेपर्यंत शाळेतल्या एकूण एक वर्गात लाल दिवा जळत होता.

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले. "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. त्या वेळी ज्याच्या वर्गात लाल दिवा लागेल, त्याचा वर्ग मी काढून घेणार. आपल्याकडे तसाही एक शिक्षक जादा आहे, आणि भांडार सांभाळायला हस्तकलेच्या सरांना जोडीला माणूस हवाच आहे." हे ते सगळ्यांना उद्देशून बोलले. बघत मात्र एकट्या गणिताच्या सरांकडे होते.

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे मोडके बाक, खडूंची खोकी आणि हस्तकलेचे सर ठेवलेले होते. तिथे पाठवलं तेव्हा हस्तकलेचे सर चांगले बोलके गृहस्थ होते. अलीकडे ते पृथ्वीच्या गोलाशी बोलत. गोल हूं की चूं करत नसे, त्यामुळे त्यांचा कारभार शाळेत सगळ्यात शांत होता आणि मुख्याध्यापक तो आदर्श म्हणून सगळ्यांपुढे ठेवत.

रात्री जेवताना सरांनी ही सगळी हकिगत बायकोला सांगितली. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोक येऊन तिच्यावर तोंडसुख घ्यायचे आणि ती आपली "नळ घरातला की बाहेरचा?" एवढंच विचारायची.

"तुम्ही? आणि शांत?" तिचा घास हातातच राहिला. ती खुदखुदायला लागली.

"हसू नकोस!"

"पहिली," ती म्हणाली.

"अगं, हसण्यासारखं काय आहे यात!"

"दुसरी."

सरांनी तिसरीसाठी छाती भरून घेतली. पण काय झालं कोण जाणे, ती हवा तशीच बाहेर गेली. ताटाकडे बघत ते म्हणाले, "अपूर्णांक शिकवण्यापलीकडे मला येतं काय गं? त्या गोलाला मी काय शिकवू?"

बायको हसायची थांबली. तिने त्यांच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. मग म्हणाली, "अहो, तुमच्याकडे त्या इतिहासाच्या बाई आहेत ना? त्यांचा आवाज म्हणे कधी चढत नाही. बघा तरी, काय करतात त्या."

इतिहासाच्या बाईंचा वर्ग हे शाळेतलं एक नवल होतं. आत लढाया चालायच्या, राज्यं बुडायची, राजे तुरुंगात पडायचे, आणि बाहेर व्हरांड्यात पाल चुकचुकली तरी ऐकू यायची. सरांनी आपला मोकळा तास खर्ची घातला आणि खांबाआड उभं राहून सगळं टिपून घेतलं. बाई हळू बोलतात. बाई मधून मधून चष्मा काढतात. बाई किंचित हसतात. झालं! विद्या हस्तगत झाली. गात गात देवाची कथा सांगणाऱ्या एखाद्या बुवांना ऐकून यावं आणि घरी आल्यावर फक्त त्यांच्यासारखं खाकरून बघावं, त्यातली गत.

दुसऱ्या दिवशी सर सातवी 'ब'मध्ये पाऊल न वाजवता शिरले, चष्मा काढला, हसले आणि दमेकऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "वह्या काढा."

वर्ग चिडीचूप. सरांना वाटलं, जमलं! चष्मा हातात असल्यामुळे पहिल्या बाकापलीकडचे चेहरे त्यांना दिसत नव्हते, हे एका परीने बरंच झालं. त्या वर्गाने सरांचं हसू कधी पाहिलेलं नव्हतं.

मॉनिटर पोरगी जपून उभी राहिली. "सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मी अगदी उत्तम आहे, बाळ."

'बाळ' ऐकून पहिल्या बाकावरची दोघं एकमेकांना चिकटली.

"सर, ऐकू येत नाही!" मागून आवाज आला.

"काय म्हणाले रे?"

"बाळ म्हणाले!"

"कोणाला?"

"मॉनिटरला!"

"सर, सर!" खिडकीजवळचा एक जण कोणी काही विचारलेलं नसताना उठून उभा राहिला. "ती काच मी नाही फोडली. म्हणजे, मीच फोडली, पण चेंडू माझा नव्हता."

डबी पिवळी झाली, लाल झाली आणि लालच राहिली. मॉनिटर धावत जाऊन शिपाईमामांना घेऊन आली. त्यांनी सरांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि "घरी कळवू का?" असं कानात विचारलं. मधल्या सुट्टीपर्यंत सरांच्या हृदयाला भोक पडलं होतं. शाळा सुटेपर्यंत त्याचं ऑपरेशनही होऊन गेलं. फाटकाशी कोणाच्या तरी आईने त्यांच्या हातात दोन केळी ठेवली आणि डोळे पुसले. सरांनी केळी घेतली. नाही म्हणायला तर ओरडावं लागलं असतं.

केळी घेऊन ते तडक इतिहासाच्या बाईंकडे गेले. बाई घरी निघाल्या होत्या.

"बाई, तुम्हाला राग येतच नाही का हो?"

"येतो की. तुमच्याइतकाच येतो."

"मग तो जातो कुठे?"

बाईंनी नजरेनेच फाटकाबाहेर दाखवलं. तिथे त्यांचे यजमान स्कूटर धरून उभे होते. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. "घरी घेऊन जाते," बाई म्हणाल्या.

सरांनी यजमानांना मनोमन हात जोडले.

"थट्टा केली हो!" बाई हसल्या. "खरं सांगू? मी दुसऱ्यांदा सांगत नाही. एकदा सांगते आणि थांबते."

"आणि पोरांनी नाही ऐकलं तर?"

"तर थांबते."

"किती वेळ?"

"ते त्यांनी ठरवायचं. सर, राग मानू नका, पण तुम्ही तिसऱ्यांदा सांगता तेवढंच मनापासून सांगता, हे तुमच्या वर्गातल्या भिंतींनाही कळलंय. ती पोरं काही वाईट नाहीत. ती बिचारी तुमच्या तिसऱ्या वेळेची वाट बघत बसलेली असतात."

सरांना ते लागलं. इतकं लागलं, की घरी पोहोचेपर्यंत दोन्ही केळी खाऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'एक भागिले एक द्वितीयांश' असं गणित मांडलं. चष्मा नाकावरच ठेवला. हसले नाहीत. आपल्या रोजच्या, घरातल्या आवाजात म्हणाले, "वह्या काढा आणि हे सोडवा." मग खडू ठेवला, हाताची घडी घातली आणि उभे राहिले.

वर्गाने पहिली शिट्टी ऐकली आणि नेहमीप्रमाणे गप्पा पुढे चालू केल्या. डबी पिवळी झाली. थोड्या वेळाने एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं.

"दुसरी झाली का रे?"

"नाही बहुतेक."

"झाली असेल. तूच मोजायला चुकला असशील."

"मी कधी चुकलोय का?"

सरांच्या मानेची शीर न शीर तयार होती. दुसरी शिट्टी घशाशी येऊन दार ठोठावत होती. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि देवाचं नाव घेतलं. मग बायकोचं घेतलं. मग चुकून मुख्याध्यापकांचं तोंडावर आलं, तेव्हा घाईघाईने पुन्हा देवाकडे वळले.

शेवटी मॉनिटरलाच राहवेना. "सर, तुम्ही पुढचं कधी म्हणणार?"

"पुढचं नाही," सर म्हणाले. "मला तेवढंच म्हणायचं होतं."

आता ही काय भानगड? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बघता बघता गप्पांना खायला काही उरलं नाही आणि त्या आपोआप मेल्या. डबी हिरवी झाली. आणि सरांना ऐकू यायला लागलं. पंखा दर फेऱ्याला टक् करत होता. बाहेरचा नळ ठिबकत होता. कोणाची तरी पेन्सिल उतरत्या बाकावरून गडगडत होती. इतकी वर्षं या खोलीत काढली आणि हा पंखा टक् करतो, हे त्यांना आज कळत होतं!

"दोन."

आवाज इतका बारीक होता, की पंख्याच्या दोन टकांमध्ये पडला म्हणूनच ऐकू आला. सरांनी मान वळवली. भिंतीकडच्या बाकावर ती मुलगी बसली होती, जिला सगळा वर्ग 'पुटपुटी' म्हणायचा. तास चालू असताना तिचे ओठ सारखे हलत असायचे. गप्पा मारते म्हणून सरांनी तिला या वर्षात इतक्यांदा व्हरांड्यात उभं केलं होतं, की तिथल्या खांबाशी तिची चांगली ओळख झाली असेल.

सरांनी ऐकलं, हे तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात दाबला. मग दुसऱ्या हाताने निमूटपणे वही उचलली आणि दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"बाहेर. मी बोलले ना."

"काय बोललीस?"

"दोन."

"दोन का?"

"एकात अर्धे दोनदा बसतात, म्हणून."

सरांची हाताची घडी सुटली. "रोज… रोज हेच बोलत असतेस?"

"हेच नाही, सर. तुम्ही विचारता त्याचं उत्तर. तुम्ही रोज वेगळं विचारता."

मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज बसतो तेव्हा तो पुरताच बसतो. सरांनी हातानेच तिला जागेवर बसायची खूण केली आणि फळ्याकडे तोंड करून, फळ्याचा आधीच स्वच्छ असलेला कोपरा उगाचच पुसत राहिले.

लगेच सगळा वर्ग सुधारला असं कोणी समजू नये. असं फक्त अहवालात होतं. त्या दिवशी निम्म्या वह्या दप्तराबाहेर आल्याच नाहीत. पुढच्या दिवशी जास्त आल्या. एका दुपारी सरांचा तोल गेला आणि जुनी, अस्सल शिट्टी सुटली, तेव्हा वर्गाला इतकं हायसं वाटलं, की मागच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. पण हळूहळू 'वह्या काढा' एकदाच म्हणायची सरांना आणि एकदाच ऐकायची पोरांना सवय व्हायला लागली. आणि पंख्याच्या टकांमध्ये कान देऊन थांबायचं, हे तर सरांना आवडायलाच लागलं होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. शांततेची पूर्वतयारी म्हणून मुख्याध्यापक पहाटेपासून शाळेत ओरडत हिंडत होते. तपासणीला एक किडकिडीत, संथ चालीच्या बाई आल्या होत्या. त्या सातवी 'ब'त शिरल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मुख्याध्यापक दारातच उभे राहिले. त्यांची एक नजर डबीवर होती आणि दुसरी सरांवर. डबी हिरवी होती. त्यांना बरं वाटलं की वाईट वाटलं, ते चेहऱ्यावरून कळेना.

"एकाला अर्ध्याने भागलं तर?" तपासणीच्या बाईंनी विचारलं. भराभर हात वर झाले.

"छान. आणि शून्याने भागलं तर?"

सगळे हात खाली. पंखा टक् करून गेला. सरांनी भिंतीकडे पाहिलं. ओठ हलत होते.

"बोल," सर पुटपुटीला म्हणाले.

ती उभी राहिली. "शून्य… एकात कितीदा…"

"मोठ्याने!" दारातून मुख्याध्यापक गरजले. "मोठ्याने बोल! पाहुण्यांना ऐकू यायला पाहिजे!"

डबी पिवळी झाली. पोरीचे ओठ मिटले. कोणाचा तरी बाक करकरला.

"आणि बाकीचे शांत! शांत म्हणतो ना!"

डबी लालभडक. बाकांखाली हळूच बोटं वर झाली. पहिल्या शिट्टीला एक, दुसरीला दोन. सरांना ती दिसली. पुटपुटीचा एक हात तोंडाकडे निघाला होता आणि दुसरा वहीकडे. तेही दिसले. जिन्याखालची खोली दिसली, तिच्यातला पृथ्वीचा गोलही दिसला. लाल दिवा लागलेलाच होता. आता गप्प राहून वाचायचं असं काही उरलं नव्हतं, आणि बोललं तर मुख्याध्यापक आजच्या आज भांडाराची किल्ली हातात देतील, हेही सरांना स्वच्छ कळत होतं. पण तिचं वाक्य अर्धवट राहिलं होतं.

"मोठे सर," ते म्हणाले, "बसा."

आवाज 'वह्या काढा'चाच होता, ना चढा, ना पडका. एवढं बोलून त्यांनी हाताची घडी घातली आणि उभे राहिले.

"काय? मला सांगताय? तुम्ही? मला?"

सरांनी घडी सोडली नाही. सगळा वर्ग मुख्याध्यापकांकडे बघत होता. त्या बघण्यात उद्धटपणा नावाला नव्हता. हा माणूस यात नवा आहे, याला अजून कळलेलं नाही की हे दुसऱ्यांदा सांगितलं जाणार नाही, अशी एक मोठी माया होती. मॉनिटर सरकली आणि तिने बाकावर त्यांच्यासाठी जागा केली.

मुख्याध्यापकांनी तिसऱ्या शिट्टीसाठी छाती भरून घेतली. तेवढ्यात त्यांना दिसलं, की मागच्या बाकावरून तपासणीच्या बाईही त्याच मायेने बघताहेत. हवा हळूहळू बाहेर गेली. ते मॉनिटरशेजारी बसले. बाक लहान असल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

डबी पिवळी झाली. मग हिरवी.

"हं, बोल," सर म्हणाले.

"शून्य एकात कितीदाही बसवलं, तरी एक भरतच नाही," पुटपुटी म्हणाली. "म्हणजे बसवतच राहायचं. मग थांबून उत्तर कुठे लिहायचं?"

तपासणीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मी आपली बोलत असते."

"बोलत असते," सर म्हणाले. "मीच आत्ता आत्ता ऐकायला लागलोय."

भांडाराचा विषय मुख्याध्यापकांनी पुन्हा काढला नाही. काढायला त्यांना सवडच नव्हती. अहवाल आला आणि त्या सकाळी सगळ्या वर्गांतले स्पीकर एकदम खरखरले.

"ऐका! तपासणीच्या बाई लिहितात, 'सातवी ब-मध्ये मुख्याध्यापक स्वतः विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून शांतपणे ऐकत होते, हे अनुकरणीय आहे'! अनुकरणीय! ऐकलंत का?"

सातवी 'ब'तली डबी लाल झाली. सर हाताची घडी घालून स्पीकर थांबायची वाट बघत उभे होते. मुख्याध्यापकांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ज्यांनी नीट ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, घसा खाकरून, आणखी एकदा वाचलं.

तिसऱ्यांदा वाचून झालं, आणि सातवी 'ब'ने सवयीने वह्या काढल्या.